तात्पुरती नोकरी : काल आणि आज

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण. त्या दिवशी वेळेअभावी सांगायच्या राहिलेल्या काही गोष्टी येथे घातल्या आहेत.)



सांस्कृतिक समितीने मला विषय दिला होता 'बँकेतील गमतीजमती'. छत्तीस वर्षांच्या नोकरीत गमतीजमती भरपूर झाल्या. पण त्यातल्या बहुतेक तुम्ही कट्ट्यावर ऐकलेल्या आहेत, आणि आमच्या घरी तर मी सुरुवात केली की शेवट दुसरंच कोणीतरी सांगून टाकतं. म्हणून समितीची परवानगी घेऊन मी विषय बदलला.

त्याचं कारण असं. महिन्यापूर्वी आपल्याच सोसायटीतला एक मुलगा मला जिन्यात भेटला. बी.कॉम. झालेला, हुशार. म्हणाला, "काका, डॉक्टर्स लेनमधल्या एका हॉस्पिटलात बिलिंगचं काम मिळतंय. सहा महिन्यांपुरतं. आई म्हणती टेम्पररी हाय, नको करू, परीक्षांचा अभ्यास कर. तुम्ही सांगा, काय करू?" माझ्या हातात भाजीची पिशवी होती, गुडघा दुखत होता. मी म्हणालो, "सांगतो विचार करून." आणि वर आलो. नंतर लक्षात आलं की ज्या प्रश्नावर माझा स्वतःचा सगळा जन्म उभा आहे, त्याचं उत्तर मी भाजीच्या पिशवीचं निमित्त करून टाळलं. तेव्हा आजचं हे भाषण म्हणजे त्या मुलाला दिलेलं उशिराचं उत्तर आहे. तो समोर बसला आहे, त्याची आईही बसली आहे. दोघांनीही ऐकावं.

मी १९७२ साली बी.कॉम. झालो. गाव अहमदपूर तालुक्यातलं. आज तो तालुका लातूर जिल्ह्यात आहे, पण लातूर जिल्हा झाला १९८२ साली. आमच्या वेळी आमचा जिल्हा उस्मानाबाद. शिक्षण नांदेडला, डिग्री औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाची, आणि एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड मात्र उस्मानाबादचं, कारण कार्ड राहत्या पत्त्यावर निघायचं. ते कार्ड नूतनीकरण करायला एस.टी.ने दिवसभराचा प्रवास. रांगेत उभं राहायचं, शिक्का घ्यायचा, परत यायचं. कॉल काही येत नसे. पण नूतनीकरण चुकलं तर ज्येष्ठता जाईल, या भीतीनं आम्ही ते कार्ड जानव्यासारखं जपत होतो.

त्या साली पाऊस पडला नाही. बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला, ती इथे आता पाच-सात डोकी उरली असतील. विहिरी कोरड्या, जनावरं कवडीमोलानं बाजारात, रेशनला लाल मिलो ज्वारी. सरकारनं दुष्काळी कामं काढली. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. हजारो माणसं कामावर आली आणि त्यांची हजेरी लिहायला माणसं कमी पडली. पुढे याच अनुभवातून आपल्या महाराष्ट्राची रोजगार हमी योजना कायद्यात आली, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. पण मला ते तेव्हा कळत नव्हतं. मला एवढंच कळलं की तहसिलात लिहिणारी पोरं पाहिजेत, रोजंदारीवर, काम आहे तोवर.

माझे वडील म्हणाले, "बी.कॉम. करून मस्टर लिहिणार?" मी गेलो. घरात खायला मिलोच होता, मग कसला मान आणि कसला अपमान.

तिथे आमचे हेडक्लार्क होते निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले. मराठी लिहायचे, पण आकडेमोड तोंडातल्या तोंडात उर्दूत करायचे. त्यांनी मला मस्टर शिकवलं. नाव, गाव, हजेरी, खाडा, अंगठा. सोपं काम वाटलं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातून एका बाईचा एक दिवस राहिला. ती आलेली होती, मी रकान्यात खूण केली नाही, खाडा पडला. पगाराच्या दिवशी ती म्हणाली, मी आले होते. मी म्हणालो, कागदावर नाही. ती काही बोलली नाही, लेकरू कडेवर घेऊन बाजूला झाली. हेडक्लार्कसाहेबांनी मला संध्याकाळी बोलावलं. आवाज चढवला नाही. म्हणाले, "बेटा, तुझी नोकरी टेम्पररी हाय, मान्य. पण तिचा खाडा टेम्पररी नसतोय. तो दिवस गेला म्हणजे गेलाच." दुसऱ्या दिवशी मी माझ्या पैशातून तिचे पैसे दिले आणि मस्टरवर दुरुस्तीची सही घेतली.

मित्रांनो, पुढे मी बँकेत ऑफिसर झालो, ट्रेनिंगला हैदराबाद-मुंबईला गेलो, जाड जाड मॅन्युअलं वाचली. पण रेकॉर्ड म्हणजे काय, ते मी त्या एका खाड्यावरून शिकलो. आणि ते मला रोजंदारीच्या कामात मिळालं.

पाऊस पडला, कामं बंद झाली, आम्हीही बंद झालो. मग मी नांदेडला टायपिंगचा क्लास लावला. इंग्रजी चाळीस, मराठी तीस. त्या काळी गल्लीच्या तोंडाशी उभं राहिलं की टायपिंग क्लासचा आवाज यायचा, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. आजची मुलं एमएस-सीआयटी करतात, संगणकावर टायपिंगची परीक्षा देतात. यंत्र बदललं, अट तीच राहिली. ज्याच्या हाताला वेग आणि अचूकता आहे, त्याला आधी बोलावतात.

१९७३ च्या डिसेंबरात मला लातूरच्या एका बँकेतून निरोप आला. १९६९ साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालेलं होतं, गावोगाव शाखा निघत होत्या आणि माणसं पुरत नव्हती. तेव्हा जून आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा क्लोजिंग असायची. बचत खात्यावरचं व्याज प्रत्येक खात्याला हातानं काढायचं. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची सगळ्यात कमी शिल्लक घ्यायची, तिचा गुणाकार मांडायचा, बेरीज, व्याज, पुन्हा पडताळणी. कॅल्क्युलेटर नाही. या कामाला टेम्पररी क्लार्क घेत. बँक गंजगोलाईपासून चालत पाच मिनिटांवर. आजूबाजूला अडत दुकानं, तुरीचा धुरळा, आणि संध्याकाळी लेजर जुळेना म्हणून कंदिलासारख्या पिवळ्या दिव्याखाली बसलेले आम्ही चौघं.

नोकरी एकोणनव्वद दिवसांची. नंतर ब्रेक. पंधरा-वीस दिवस घरी, पुन्हा बोलावणं, पुन्हा ब्रेक. मला वाटायचं ही बँकेची काही पद्धत असेल. मग एका सीनियरनं समजावलं. औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे एका वर्षात २४० दिवस भरले की त्या माणसाला सहज काढता येत नाही. नोटीस द्यावी लागते, भरपाई द्यावी लागते. म्हणून दोनशे चाळीसच्या अलीकडे माणूस थांबवायचा. त्या दिवसापासून मी माझ्या डायरीत दिवस मोजायला लागलो. आमच्यासारखे सगळेच मोजत. देवळातल्या प्रदक्षिणा मोजाव्यात तसे. माझे कधीच दोनशे चाळीस भरले नाहीत.

पण एक गोष्ट मला तिथे मिळाली. आमच्या शाखेचे मॅनेजर, तेव्हा त्यांना एजंट म्हणत, त्यांनी माझ्या शेवटच्या ब्रेकच्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावलं. एका साध्या कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की या मुलानं अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत बचत लेजरचं काम केलं, अचूक आणि प्रामाणिकपणे केलं. बँकेचा शिक्का नाही, लेटरहेड नाही. म्हणाले, "हे मला देता येत नाही. तरी देतो. जपून ठेव."

तेव्हा मराठवाड्यातली आमची पिढी नोकरीसाठी किती तहानलेली होती, हे १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनानं साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं. रेल्वे रुंदीकरण होतं, पाणी होतं, पण विद्यार्थी रस्त्यावर आले त्याच्या मुळाशी नोकऱ्याच होत्या. पुढे नांदेडला मराठवाडा ग्रामीण बँकेचं मुख्यालय आलं, १९७६ साली, आणि आपल्या भागातल्या कितीतरी मुलांचं भलं झालं. मी त्याच्या वर्षभर आधी, १९७५ मध्ये, परीक्षा आणि मुलाखत देऊन दुसऱ्या एका बँकेत क्लार्क झालो. मुलाखतीत मला विचारलं, प्रॉडक्ट पद्धतीनं व्याज कसं काढतात? मी उत्तर दिलं आणि खिशातून तो कागद काढून पुढे ठेवला. समितीतल्या एकानं तो वाचला, दुसऱ्याकडे सरकवला. आपल्याला घेतलं, हे मला तेव्हाच कळलं.

आता मी जे सांगणार आहे, ते मी बायकोखेरीज कोणाला सांगितलेलं नाही.

१९९३. अनंत चतुर्दशीची रात्र उलटली आणि पहाटे तीन वाजून छप्पन मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा लातूर जिल्ह्यातच एका शाखेचा मॅनेजर होतो. त्या दिवसांबद्दल आज बोलत नाही, सणाचा मांडव आहे. एवढंच सांगतो की मदतीची रक्कम खात्यात जमा करायची होती आणि ज्यांना खाती उघडायची होती त्यांच्याजवळ घर उरलं नव्हतं, कागद तर दूरच. आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये टेबल टाकून खाती उघडली. स्टाफ पुरेना. भूकंपग्रस्त गावातलाच एक मुलगा मी रोजंदारीवर घेतला. बारावी झालेला, अक्षर मोत्यासारखं. त्याला प्रत्येक माणसाचं नाव माहीत, कोण कोणाचा कोण, वारस कोण, सगळं माहीत. एक अर्ज त्यानं चुकीचा भरला नाही. म्हाताऱ्या बायका आमच्याकडे न येता आधी त्याच्याकडे जायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचे दिवस दोनशेच्या वर गेले. वरच्या ऑफिसातून पत्र आलं: सदर इसमास तात्काळ थांबवावे. नियमाप्रमाणे बरोबर होतं. मी त्याला सांगितलं. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, एक पत्र द्या. मी इथं काम केलं म्हणून." मी म्हणालो, "टेम्पररी माणसाला पत्र देता येत नाही रे. कोर्टात पुरावा होतो."

हे वाक्य मी बोललो. ज्याच्या ट्रंकेत तो साधा कागद अजून जपून ठेवलेला होता, तो मी.

माझ्या एजंटसाहेबांनाही तोच नियम होता. त्यांनी एक साधा कागद लिहिला, मी लिहिला नाही. त्यांच्यापेक्षा माझ्यावर दडपण जास्त होतं असंही नाही. मला प्रमोशनची यादी दिसत होती, बाकी काही नाही. तो मुलगा नंतर पुण्याला गेला, एवढं कळलं. चांगलं झालं असेल अशी आशा आहे.

असो. आता आजच्या बाजाराकडे येऊ.

तुम्ही म्हणाल, काका, नांदेड-लातूरला नोकऱ्या आहेत कुठे? मी निवृत्तीनंतर चौदा वर्षं फिरतो आहे, हिशेबाची थोडी कामंही पाहतो, त्यावरून सांगतो: ऑफिसचं काम आपल्याकडे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त आहे. फक्त ते बारमाही नाही, हंगामी आहे. शेतकऱ्याला जसं पंचांग लागतं, तसं या कामाचंही पंचांग आहे. ते मांडून दाखवतो.

जून-जुलै म्हणजे प्रवेशाचा हंगाम. लातूर पॅटर्ननं लातूरचं सगळं अर्थकारण बदललं; नांदेडलाही श्रीनगर-भाग्यनगरचे रस्ते संध्याकाळी क्लासच्या मुलांनी भरलेले असतात. क्लासेस, हॉस्टेल, मेस, कॉलेजची ऑफिसं, यांना या दोन महिन्यांत फी घेणारी, फॉर्म तपासणारी, पालकांशी फोनवर बोलणारी मुलं-मुली लागतात. त्याच सुमारास खरिपाचा पीकविमा येतो आणि सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे फॉर्म निघाले तेव्हा तर ज्याला मराठी टायपिंग येतं त्याला जेवायला वेळ नव्हता.

जुलै ते ऑक्टोबर म्हणजे सी.ए. आणि कर सल्लागारांचा हंगाम. रिटर्न, ऑडिट, जीएसटीची जुळवाजुळव. इथे पगार कमी, तास जास्त. पण ज्या बी.कॉम.वाल्यानं एक हंगाम नीट काढला, त्याला ताळेबंद वाचता येतो. कॉलेजात तीन वर्षांत जे येत नाही ते चार महिन्यांत येतं, हे मी पैजेवर सांगतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर सोयाबीनचा. लातूरच्या मोंढ्यात आवक सुरू झाली की अडत दुकानात पट्टी लिहायला, काट्याच्या पावत्या जुळवायला, शेतकऱ्यांचे पैसे ऑनलाइन पाठवायला माणूस लागतो. पूर्वी हे काम दिवाणजी करायचे, धोतर आणि लाल वही. आता लॅपटॉप आहे, पण दिवाणजीचीच गादी आहे.

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि मार्चच्या आसपासपर्यंत गळीत चालतं. शेतकी खातं, काटा घर, टाइम ऑफिस, अकाउंट्स. कारखान्यात 'हंगामी' आणि 'हंगामी कायम' असे दोन प्रकार असतात, हे लक्षात ठेवा. हंगामी कायम माणसाला पुढच्या हंगामात बोलावण्याचा हक्क असतो आणि मधल्या काळात काही भत्ता असतो. साध्या हंगामीला काहीच नसतं. नेमणूक कोणत्या प्रकारची, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

फेब्रुवारीपासून परीक्षा, मार्च एंड, पतसंस्था, ऑडिट. मध्येच निवडणूक आली की डेटा एंट्री. आणि हॉस्पिटलं मात्र बारा महिने. विम्याची फाईल, कॅशलेसची मंजुरी, महात्मा फुले योजनेचे कागद, हे समजणारा माणूस हॉस्पिटलला मिळता मिळत नाही. म्हणून त्या जिन्यातल्या मुलाला मिळालेलं काम मला हलकं वाटत नाही. लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना झाला, तिथेही ऑफिसची बरीच कामं ठेकेदारामार्फतच चालणार. सगळीकडे वारं हेच आहे.

सरकारी कार्यालयांतही तेच. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीधराला दहा. आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. आपल्या सोसायटीतल्या दोघी मुलींनी त्यात काम केलं. चांगलं शिकल्या. पण ते प्रशिक्षण आहे, नोकरी नव्हे, आणि मुदत संपली की घरी जावं लागतं, हे आधी समजून जा. २०२३ साली नऊ एजन्सींमार्फत सरकारी कार्यालयांत कंत्राटी भरती करण्याचा निर्णय निघाला होता, आठवत असेल. तरुणांनी मोर्चे काढले आणि पुढच्याच महिन्यात तो रद्द झाला. मुलांचा राग खोटा नव्हता.

आणि दोनशे चाळीस दिवसांच्या आशेवर आयुष्य टांगू नका. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानं उमादेवी प्रकरणात सांगितलं आहे की रीतसर भरती न होता सरकारी कामावर कितीही वर्षं काढली, तरी केवळ तेवढ्यानं कायम होण्याचा हक्क मिळत नाही. 'तू चिकटून राहा, करून टाकतो परमनंट' असं जो म्हणतो, त्याला हे विचारा.

आता माझ्या अनुभवाच्या चार गोष्टी. मोठ्या नाहीत, पण मी त्यांची किंमत मोजली आहे.

पहिली: काम मिळवायला पैसे देऊ नका. डिपॉझिट, ट्रेनिंग फी, ड्रेसचे पैसे, फाईल चार्ज, कोणत्याही नावानं मागोत. मालक पगार देतो, घेत नाही. आपल्या ओळखीतल्या दोन घरांचे असे पैसे बुडाले आहेत. लाजेनं त्यांनी पोलिसांतही सांगितलं नाही.

दुसरी: पगार खात्यात घ्या. रोखीत दोन-तीनशे जास्त मिळत असतील तरी. खात्यात आलेला पगार हा तुमचा मस्टर आहे. उद्या कर्ज मागायला गेलात तर बँक पासबुक पाहते, तुमचा चेहरा नाही.

तिसरी: पी.एफ. वीस किंवा जास्त माणसं असतील तिथे भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो आणि कंत्राटी माणूसही त्यात मोजला जातो. एजन्सीनं पगारातून कापलं म्हणजे भरलंच असं नाही. आपला यूएएन नंबर घ्या, मोबाइलवर पासबुक उघडा, दर महिन्याला बघा. नोकरी बदलली तरी नंबर तोच ठेवा. सहा-सहा महिन्यांचे तुकडे एका नंबराखाली जुळले की ती तुमची सलग सेवा दिसते.

चौथी: कागद मागा. कामावर घेताना चार ओळींचं पत्र, सोडताना अनुभवाचं पत्र. लाजू नका. काम संपायच्या शेवटच्या दिवशी मागू नका, आठवडाभर आधी मागा, आणि काय काम केलं ते स्वतः लिहून न्या. साहेबाला सहीच करायची असली की तो पटकन करतो. लिहायचं असलं की 'उद्या या' म्हणतो. हे मी साहेब होतो म्हणून सांगतो.

आणि त्या आईला एक शब्द. वहिनी, तुमची भीती खोटी नाही. टेम्पररी कामात रमून परीक्षा सुटलेली मुलं मी पाहिली आहेत. तीस वर्षांचे होतात आणि मग वयाची अट आडवी येते. म्हणून घरात बसून तारीख ठरवा. दोन वर्षं परीक्षा आणि काम दोन्ही. सकाळी अभ्यास, दिवसा काम. बँकेच्या क्लार्कची परीक्षा २०११ पासून आयबीपीएसमार्फत एकत्र होते, आमच्यासारखं बँकेगणिक फिरावं लागत नाही. दोन वर्षांनी पुन्हा बसा आणि हिशेब करा. पण नुसतं घरात बसून अभ्यास करणारा मुलगा तिसऱ्या वर्षी कसा दिसतो, तेही मी पाहिलं आहे. तो जिन्यात भेटला तर नजर चुकवतो.

मी शेवटाकडे येतो. अध्यक्षसाहेब घड्याळाकडे बघत आहेत.

आपल्या सोसायटीच्या ऑफिसात एक ताई बसतात. मेंटेनन्सच्या पावत्या, पाण्याच्या टँकरचा हिशेब, कोणाच्या घरी कोण पाहुणा आला त्याची नोंद, सगळं त्या पाहतात. त्यांची परवानगी घेऊन मी हे बोलतो आहे. जूनमध्ये त्या माझ्याकडे आल्या. मुलाच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेनं उत्पन्नाचा पुरावा मागितला होता. "काका, सोसायटीचं एक पत्र मिळेल का? मी इथं काम करते म्हणून."

मी जागच्या जागी बसलो. एकतीस वर्षांनी तेच वाक्य.

मी जुनी व्हाउचरं काढली. ताई २०१६ पासून आहेत. नऊ वर्षं. त्यांच्या नावाचं नेमणूकपत्र नाही. पगार रोखीनं, व्हाउचरवर. आणि आपल्या जमाखर्चात तो पगार कोणत्या खात्यावर पडतो? 'किरकोळ खर्च.' बल्ब, झाडू, फिनाइल आणि ताई. पहिल्या व्हाउचरवर खजिनदार म्हणून सही कोणाची होती, ते मी सांगायला नको. २०१८ पर्यंत खजिनदार मीच होतो. आपण कोणी वाईट माणसं नाही. 'तात्पुरतं बघू' म्हणून ठेवलं आणि नऊ वर्षं गेली.

पत्र त्यांना मिळालं. सचिवांनी त्याच संध्याकाळी सही केली, त्यांचे आभार. पण एका पत्रानं भागत नाही. या महिनाअखेर आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. मी तीन ठराव देणार आहे. एक, ताईंना त्यांच्या पहिल्या दिवसापासूनची तारीख घालून नेमणूकपत्र द्यावं. दोन, पगार खात्यात द्यावा आणि जमाखर्चात 'वेतन' असं स्वतंत्र खातं उघडावं. तीन, वर्षाला पंधरा दिवस पगारी रजा द्यावी. मेंटेनन्समध्ये थोडी वाढ होईल. मी आकडा काढला आहे, सभेत मांडीन. आज मंडपात टाळ्या वाजवल्या नाहीत तरी चालेल, त्या दिवशी हात वर करा.

पंचवीस वर्षांत आपण बोअर मारला, रंग दिला, सोलर बसवलं, सीसीटीव्ही लावले. रौप्यमहोत्सवाच्या वर्षात हेही होऊन जाऊ द्या.

आणि बाळा, तुझं उत्तर: हॉस्पिटलचं काम घे. पहिल्या दिवशी पत्र माग.

  

ताजा कलम : स्मरणिका छापायला जाईपर्यंत सर्वसाधारण सभा झाली. पहिले दोन ठराव मंजूर झाले. पगारी रजेच्या ठरावावर बरीच चर्चा झाली आणि तो कार्यकारिणीकडे विचारार्थ सोपवला आहे. मी दर महिन्याला विचारणा करीत आहे. हॉस्पिटलात त्या मुलाचा दुसरा महिना सुरू आहे, आणि पत्र त्याला मिळालं आहे.